तिची मोठी दुर्बीण

८ जानेवारी, सोमवार

शनीला कडं असतं. कालपासून इतक्यांदा ऐकलंय की आता स्वप्नात येईल. भिंगरी काल संध्याकाळी बापाकडून आली ती चपला काढायच्या आधीच सुरू — "आई, खरंखुरं कडं! चिकटवल्यासारखं!" आज सकाळी दूध पिताना शनी, वेणी घालताना शनी. मान एका जागी ठरेना, फणी कुठे धरायची!

दाखवलं कोणी? बाईसाहेबांनी. तिच्या बापाच्या नव्या बायकोने. तिकडे भिंगरीच्या खोलीत खिडकीशी तिपाईवर भलीमोठी दुर्बीण मांडलीय म्हणे. पोरगी शुक्रवार ते रविवार तिथे असते, तेवढ्यात एवढे पराक्रम.

आणि हिला ती मावशी म्हणते. मावशी म्हणजे आईची बहीण. ही बया माझी बहीण कधी झाली?

पुढच्या वर्षापासून कुठे राहायचं, ते मेमध्ये भिंगरीलाच विचारायचं, असं आमचं ठरलंय. अकरा वर्षांची आहे, कळतं तिला. मी हो म्हटलं होतं, कारण उत्तर मला ठाऊक होतं. आता ती खात्री उरली नाही.

१० जानेवारी, बुधवार

दातांच्या दवाखान्यात माझं काम म्हणजे पेशंटच्या तोंडात नळी धरायची आणि आपलं तोंड बंद ठेवायचं. आज राहवलं नाही. डॉक्टर दाढ कोरत असतानाच त्यांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "शर्यतींच्या नादात घेतलेलं एक बायनॉक्युलर घरी पडून आहे. घोडे सुटले, ते राहिलं. घेऊन जा."

खुर्चीतले आजोबा मध्येच आँ आँ करायला लागले. मला वाटलं दुखलं. चूळ भरल्यावर म्हणतात, "कशाला तरी टेकवून धरा हो, नाहीतर हात थरथरतो. गुरूचे चंद्रसुद्धा दिसतात त्यातून." अर्धा ओठ बधिर, पण सांगितल्याशिवाय उठले नाहीत.

११ जानेवारी, गुरुवार

बायनॉक्युलर आणलं, पण काही दिसत नाही. जो तो तारा दुहेरी. माझं लग्न मोडलं आणि वर बघावं तर सगळे जोडप्याने!

भिंगरीला अजून दाखवलेलं नाही. आधी मला जमू दे.

१३ जानेवारी, शनिवार

ती तिकडे. मी गच्चीवर.

ते मधून दुमडतं! दोन्ही नळ्या आपल्या डोळ्यांच्या अंतराएवढ्या जवळ आणायच्या, की दोन वर्तुळांचं एक होतं. उजव्या डोळ्याची काच वेगळी फिरवायची. डॉक्टरांना फोनवर सुनावलं, तर म्हणाले, "अहो, हे सांगायचं असतं हे मला कुठे माहीत!"

जुनी गादी टाकून आडवीच झाले. वॉचमनने खालून हाक मारली, "ताई, बरं वाटतंय ना?" म्हटलं, उत्तम वाटतंय.

मग कृत्तिका सापडल्या. नुसत्या डोळ्यांनी तो एक पुंजका दिसतो, सहा तारे मोजता येतात. यातून — किती ते! निळसर, टपोरे, भरगच्च. दोन मिनिटं मी खरोखर सगळं विसरले होते.

तिसऱ्या मिनिटाला आठवलं. वाचनालयाच्या पुस्तकात लिहिलंय, मोठ्या दुर्बिणीत हा अख्खा पुंजका मावत नाही. तुकड्यातुकड्याने बघावा लागतो. हे वाचून मला जो आनंद झाला तो काही चांगल्या बाईचा नव्हता.

१६ जानेवारी, मंगळवार

दाखवल्या! भिंगरी गादीवर माझ्या दंडावर डोकं ठेवून पडली होती. मग म्हणाली, "आई, तिकडे हे एवढं एकदम दिसत नाही."

बस्स. मी गंगेत न्हाले.

पण लगेच पुढे — "मावशीला सांगते, तिला पण आवडेल." गंगेतून मला कोणी बखोटीला धरून बाहेर काढलं.

२५ जानेवारी, गुरुवार

आज पूर्ण चंद्र. मी आठवडाभर ठरवत होते. चंद्र दाखवायचा, तोही भरलेला, म्हणजे शनीबिनीचं कडं ती विसरेल. शाल घेतली, थर्मासमध्ये दूध घेतलं.

नुसता चकचकाट. डोळ्यांत पाणी आलं दोघींच्या. खड्डे नाहीत, डोंगर नाहीत, पांढरी थाळी. भिंगरी अगदी हळू म्हणाली, "मावशी म्हणते, पौर्णिमेला चंद्र बघू नये. ऊन समोरून पडतं ना, सावल्याच नसतात. अर्धा असताना बघायचा."

ती मला समजावत होती. शांतपणे, माझा चेहरा पडलेला बघून. आणि मी काय म्हटलं? "मग जा तुझ्या मावशीकडे. तिलाच सगळं येतं."

दूध तसंच राहिलं. जीभ झडायला हवी होती माझी.

२६ जानेवारी, शुक्रवार

गेली. जिन्यात वळून बघते दर वेळी. आज बघितलं नाही.

२८ जानेवारी, रविवार

आली. गप्प. "काय बघितलं?" तर म्हणे काही नाही. "का, ढग होते?" नव्हते. डोकं दुखत होतं म्हणाली.

म्हणजे तिकडचं बिनसलं काहीतरी. मी वरवर "अगंबाई" म्हटलं. आत उकळ्या फुटत होत्या.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

भिंगरीने दप्तर भरलंच नाही. "आज नाही जात." मी कारण विचारलं नाही. विचारलं आणि बदललं मन तर! तिच्या बापाला फोन करून अभ्यास आहे म्हणून सांगितलं.

गच्चीच्या कठड्यावर उशी ठेवून बायनॉक्युलर टेकवलं. गुरूच्या बाजूला तीन ठिपके, एका रेषेत. तिला आधी दिसले. "आई, मी इथेच कायमची राहिले तर?" असं विचारलं तिने, डोळा न काढता. मी म्हटलं, "तर काय, राहा की! मेची वाट कशाला बघायची?"

जिंकले मी. बायनॉक्युलरवर जिंकले!

६ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखान्यात गुणगुणत होते. डॉक्टर म्हणाले, "लॉटरी लागली का?"

संध्याकाळी त्या बाईचा फोन आला. परवाही आला होता. "भिंगरीशी जरा बोलू का?" आवाज अगदी मऊ. दोन्ही वेळा मी सांगितलं, झोपलीय ती. भिंगरी आतल्या खोलीत गणितं सोडवत होती.

झोपलीय तर झोपलीय. माझं काय चुकलं? इतकी वर्षं दर शुक्रवारी रिकाम्या घरात मी बसले, ते नाही कोणी विचारलं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आजही गेली नाही. जेवताना मान खाली घालून विचारलं, "मावशीचा फोन आला होता का?" मी म्हटलं, नाही.

मग ताटातली शितं गोळा करत सांगितलं तिने. मावशीला बाळ होणार आहे. पंचवीस तारखेच्या नंतरच्या त्या शनिवारी सांगितलं. दुर्बीण खोक्यात भरून माळ्यावर ठेवली, भिंगरीच्या खोलीत आता पाळणा येणार. "खोली तुझी-बाळाची मिळून आहे असं म्हणाली मावशी. पण ते मिळून नसतं, आई. आणि फोन पण नाही केला. त्यांना आता मी नकोय."

म्हणून राहिली ती. कृत्तिकांसाठी नाही, गुरूसाठी नाही, माझ्यासाठीही नाही. दुसरीकडचं दार बंद झालं म्हणून इथे बसली होती, आणि मी गाणी म्हणत होते.

ती माझ्यासारखीच जळत होती. मला ओळखूसुद्धा आलं नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार

सकाळी सांगितलं — दोनदा आला होता फोन, मीच खोटं बोलले. मी नंबर लावून फोन तिच्या हातात दिला आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले. दार लोटायचं राहिलं. "मावशी," एवढंच म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली. माझ्यासमोर एक थेंब काढला नव्हता पोरीने.