उजवा हात भिंतीकडे

अण्णा, या वयात मी शिकवणी लावावी की नाही, यावरून गेले काही महिने माझं तुमच्याशी भांडण चाललं आहे. तुम्हाला त्याचा पत्ता नाही, आणि तुमच्या बाजूचं सगळं मलाच बोलावं लागतं. पण ते काही अवघड नाही, कारण तुम्ही काय म्हणाला असता ते मला पाठ आहे. नववीत वर्गातल्या सगळ्या मुलींनी गणिताची शिकवणी लावली आणि मीही तुमच्याकडे हट्ट धरला, तेव्हा तुम्ही अंगणात बसून सायकलची साखळी पुसत होतात. मान वर न करता म्हणालात, "पुस्तक हाय, डोस्कं हाय. तिसरा माणूस कशाला मधी?" झालं, विषय संपला. मी रडत रडत एकटीनं गणित केलं आणि ते इतकं जमलं की पुढे सोलापुरात कॉलेजात तोच विषय शिकवायला लागले. तुमचंच खरं ठरलं, असं तुम्ही शेवटपर्यंत धरून चाललात आणि तुमच्यानंतर मीही.

आता पन्नाशी जवळ आली असताना मला एक खूळ लागलं आहे. आधी समुद्रात पोहायचं, बाहेर येऊन ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, डोक्यावर ऊन येईपर्यंत ती हाणायची आणि उतरल्या उतरल्या धावायला लागायचं. याला ट्रायथलॉन म्हणतात आणि माणसं हे हौसेनं करतात. ऐकून तुम्ही हसला असता, पण मनातून तुम्हाला ते आवडलं असतं, याची मला खात्री आहे. माझी पहिली सायकल तुम्ही सोलापुरात शुक्रवार पेठेतून घेतलीत आणि एसटीच्या टपावर टाकायला कंडक्टर नाही म्हणाला, म्हणून त्या लेडीज सायकलवर बसून सोलापूरहून मंगळवेढ्यापर्यंत स्वतः चालवत आणलीत. दारात उतरलात आणि आधी तांब्याभर पाणी प्यालात. हायस्कूलचे खेळाचे मास्तर पोरीच्या सायकलवर, यावर गावाला बरेच दिवस विषय पुरला. तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही.

गेल्या वर्षी मी सगळी तयारी तुमच्या पद्धतीनं केली, म्हणजे कुणाला काही न विचारता. मोबाइलवर बघून वेळापत्रक आखलं, कॉलेजच्या आधी विजापूर रोडवर सायकल, संध्याकाळी पोहण्याचा तलाव, रविवारी धावणं. आपल्याकडचं ऊन सोसलेल्या माणसाला कसली भीती, अशी माझी घमेंड होती. प्रत्यक्ष शर्यतीत समुद्रात मी रस्ता सोडून इतकी डावीकडे जात राहिले की होडीतला माणूस मला पुन्हा पुन्हा हाका मारून वळवत होता. सगळ्यांपेक्षा जास्त अंतर पोहून मी सगळ्यांच्या मागून किनाऱ्याला लागले आणि तोवर पोहण्याची वेळ संपली होती. मला सायकलपर्यंत जाऊ दिलं नाही. हेल्मेट, बूट, शेंगदाण्याचे लाडू, मांडून ठेवलेलं सगळं मी होतं तसं उचलून परत आणलं. हरल्याचं दुःख झालं, पण त्याहून जास्त राग आला तो आपलं चुकलं काय हेच कळत नाही याचा. अजून एक वर्ष जोर लावून बघेन, नाही जमलं तर हा नाद सोडून देईन, असं तेव्हाच ठरवलं.

पूर्वी माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी एक मुलगी आता इथेच अशा शर्यतींची तयारी करून घेते. तिच्या कानावर माझी फजिती गेली असावी. एका सकाळी ती तलावावर आली, मी पोहत असताना काठाकाठानं माझ्याबरोबर चालत राहिली आणि मी थांबल्यावर खाली बसून तिनं विचारलं, "मॅडम, तुम्ही विहिरीत शिकलात का? भिंत उजव्या हाताला ठेवून?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "तुमचा उजवा हात जोरात ओढतो, डावा नुसता सोबतीला असतो. तलावात तळाच्या रेघेमुळे ते खपून जातं. उघड्या पाण्यात तुम्ही अजून विहिरीतच फिरताय." ती अगदी साधेपणानं बोलली, पण विहिरीत मला शिकवलं होतंत तुम्ही, म्हणून मला वाटलं की तिनं तुमच्याकडे बोट दाखवलं. माझ्याकडे शिकायला या, असं ती म्हणाली, तेव्हा कळवते म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून तिला टाळायला म्हणून तलावावर जायची वेळच बदलली. एवढी मोठी बाई, पण काय करणार, स्वभाव तुमचा आहे.

मी लहान आहे, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली आहे. मी विहिरीत आहे, पाठीला तरंगण्यासाठी रिकामा डबा, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक तुमच्या हाताला दोन वेढे घालून घट्ट. तुम्ही पायऱ्यांवर उभे आहात आणि सारखं एकच सांगता आहात, "उजवा हात भिंतीकडं ठेव. मधी जायाचं न्हाय." बाकीची पोरं चार दिवसांत डबा सोडून मधे गेली, मोठी मुलं त्यांच्या आजूबाजूला पोहत असायची. मी मात्र सुट्टी संपली तरी भिंतीच्या कडेकडेनं गोल फिरत होते. तुम्ही पण उतरा की अण्णा, असं मी म्हणायची. वर कुणीतरी राह्यला पायजे, असं तुम्ही म्हणायचात.

आई आता माझ्याकडेच असते. त्या मुलीवरचा राग मी एकदा तिच्यापुढे काढला. अण्णांनी आख्ख्या गावाला पोहायला शिकवलं आणि ही कालची पोर त्यांच्या चुका काढते, असं काहीतरी बोलले. आई ज्वारी निवडत होती. ती हसली आणि म्हणाली, "अगं, त्येंना कुटं पवायला येत हुतं?"

मला वाटलं, वयामुळे तिचं काहीतरी उलटसुलट होतंय. पण तिनं सगळं नीट सांगितलं. तुम्ही पाण्याला लई भ्यायचात, गुडघ्याच्या वर पाणी कधी येऊ दिलं नाहीत. पोरं तशीही विहिरीत उड्या मारणार, मग शिकून तरी मारू देत, म्हणून पोहणाऱ्यांकडे बघून बघून तुम्ही ते समजून घेतलंत आणि पायरीवरून शिकवायला लागलात. दुसऱ्यांच्या पोरांना तुम्ही मोठ्या मुलांच्या भरवशावर मधे सोडायचात. "तुज्या वक्ताला मातर घरी येऊन जेवायचे न्हाईत," आई म्हणाली. "पोरगी मधी गेली तर मला उडी टाकता येत न्हाय, म्हनायचे. म्हनून तुला भिंतीकडनं सोडली न्हाय."

अण्णा, आधी मला तुमचा राग आला, मग हसू आलं आणि मग मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. समुद्रात मला डावीकडे ओढत होती ती तुमची काळजी होती. आणि तिसरा माणूस कशाला, असं मला ऐकवणारे तुम्ही स्वतः गावातल्या कितीतरी पोरांचे तिसरे माणूस होतात. पाण्यात असणाऱ्याला आपला हात कुठे जातोय ते दिसत नाही, काठावरच्याला दिसतं, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्या भांडणात तुमच्या बाजूनं बोलायला मग माझ्याकडे काही उरलं नाही.

मी त्या मुलीला फोन केला. पोहणं तू बघ, सायकल आणि धावणं माझं मी करीन, असं म्हणून बघितलं. ती म्हणाली, मॅडम, तुम्ही कधी आम्हाला अर्धं गणित सोडवून पेपर देऊ दिलात का? मुकाट्यानं तिन्ही तिच्या हवाली केलं. ती सांगते ते सगळं पटतंच असं नाही. मी वाद घालते, ती ऐकून घेते आणि शेवटी तिच्या मनासारखंच करून घेते. डाव्या हाताला आता कुठे आपलं काम समजायला लागलं आहे.

परवाच्या रविवारी तिनं मला गावाबाहेरच्या तळ्यात उतरवलं. पलीकडे नारिंगी फुगा बांधला होता. मी मान वर काढली की तो समोरच असायचा. पुन्हा काढली, तरी समोरच. पाण्यात मोठ्यानं हसता येत नाही, नाकात जातं, पण मी हसले. यंदा मी सायकलपर्यंत नक्की पोचणार, अण्णा.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. परवा तळ्यातून बाहेर आल्यावर तिनं थर्मासमधला चहा दिला आणि मॅडम, तुम्हाला पोहायला कुणी शिकवलं, असं विचारलं. मी म्हणाले, वडिलांनी. त्यांना छान येत असेल ना पोहायला, असं ती म्हणाली. तिच्याशी खोटं बोलायचं काही कारण नव्हतं, तरी मी म्हणाले, "हो. फार सुंदर पोहायचे."