कव्हरवरची समई

माउंट रॉस्किल, ऑकलंड
सोमवार, १६ जून २०२५

प्रिय शकु,

आशीर्वाद. इथे आम्ही सगळे मजेत. थंडी मरणाची आहे. मी दोन स्वेटर घालून बसतो आणि सुरुची येऊन हीटर बारीक करून जाते. जावईबापू सकाळी सातलाच ऑफिसला पळतात. माझा गुडघा पुण्यात दुखायचा तसाच इथेही दुखतो. तुझं बीपी कसं आहे? गोळ्या वेळेवर घे.

आता खरी बातमी. काल तू रेडिओवर होतीस!

अगं, थट्टा नाही. इथल्या कम्युनिटी रेडिओवर रविवारी दुपारी दोनला मराठी तास असतो. मैत्रेयी नावाची एक पुण्याची मुलगी तो चालवते. तिने या महिन्यात टूम काढली आहे: चालायला हवे होते पण चालले नाहीत असे पॉप अल्बम. श्रोत्याने अल्बम घेऊन जायचं, दोन गाणी ऐकवायची आणि त्याची बाजू मांडायची. मी सुरुचीला सहज म्हटलं, "आपल्या शकुचा अल्बम हाताशी असता तर सगळ्यांना गप्प बसवलं असतं." तर या बाईने कपाटातून कॅसेटच काढून समोर ठेवली! 'चल, निघू या', १९९८, आठ गाणी. लग्न झाल्यावर बॅगेतून घेऊन आली होती, मला पत्ताच नाही. चौथीत होती तेव्हा आठही गाणी पाठ होती तिला, आठवतं ना?

स्टुडिओत काचेपलीकडे बसणारा साउंडवाला माओरी आहे. दारात 'किया ओरा' म्हणाला, तेवढीच आमची ओळख. मराठीचं अक्षर कळत नाही त्याला, पण पहिल्याच गाण्याला गडी मान हलवायला लागला. दुसऱ्या गाण्यात ढोलकी थांबते आणि तू एकटीच वर जातेस, तिथे त्याने हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले. नंतर विचारतो, "हू इज शी?" मी म्हटलं, "माय सिस्टर!" एवढ्या जोरात की मैत्रेयीला हसू आवरेना.

मग मी सुटलोच. त्या वेळी टीव्हीवर नाचणाऱ्या निम्म्या अल्बमांपेक्षा हा सरस होता, म्हटलं. सिनेमाचा आधार नाही, कुणाची ओळख नाही. एका मुलीने सायकलवर, बसस्टॉपवर, ऑफिसातल्या कंटाळ्यावर गाणी रचली आणि स्वतः गायली. आहे का दुसरं असं काही, दाखवा! छाती अशी फुगली होती की दोन स्वेटर कमी पडले असते. हॉर्नबीहून, म्हणजे पार क्राइस्टचर्चहून, सुनीता नावाच्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "मी तेव्हा पुण्यात कॉलेजात होते. हे माझ्या कानावर कसं नाही आलं?"

मैत्रेयीनेही तेच विचारलं. काका, मग चाललं का नाही?

मी म्हणालो, "मार्केट पडलं होतं त्या वर्षी."

घरी आलो तर सुरुचीने कौतुकाने शिरा केला होता. मी तो तसाच झाकून ठेवला.

शकु, मार्केट पडलं नव्हतं.

कव्हर आपल्याच प्रेसमध्ये छापू, हे मीच म्हणालो होतो. तू हौसेने फोटो काढून घेतला होतास. आखूड केस, जीन्स, सायकलला टेकून तोंड उघडून हसतेयस. त्याच आठवड्यात नाशिकच्या मंडळींकडून तुझ्या लग्नासाठी विचारणा आली. दुकानादुकानात माझी बहीण अशी हसताना दिसली तर ते लोक काय म्हणतील, हे डोक्यात बसलं ते बसलंच. तू मुंबईला होतीस. लग्नपत्रिकांच्या कामातली समई हाताशी होती. ती टाकली कव्हरवर आणि छापून मोकळा झालो. तुला सांगितलं, फोटोची निगेटिव्ह खराब झाली. निगेटिव्ह चांगली धडधाकट होती.

समई बघून दुकानदारांनी कॅसेट भक्तिगीतांच्या कप्प्यात लावली. अप्पा बळवंत चौकात मी हे डोळ्यांनी पाहिलं. एका आजोबांनी ती सत्यनारायणासाठी नेली होती. तीर्थप्रसाद चालू असताना तुझे ड्रम वाजायला लागले म्हणे! ते दुकानदाराला झाडत होते आणि मी शेजारी उभा. आधी हसू आलं, मग मान खाली घालून तिथून सटकलो. ज्या पोरापोरींनी ती उचलली असती ते त्या कप्प्याकडे फिरकलेच नाहीत. कव्हर पुन्हा छापता आलं असतं, प्रेस माझाच होता. नाही छापलं. तुला कळेल म्हणून घाबरलो.

आणि त्या नाशिककरांनी पत्रिका जुळत नाही म्हणून महिनाभरात नकार कळवला.

तू म्हणालीस, "दादा, माझ्या आवाजातच दम नाही." आणि बँकेची परीक्षा दिलीस. मी काय म्हणालो? "नोकरी बरी." घरच्या गणपतीतही तू आरतीला नुसत्या टाळ्या वाजवतेस. सत्तावीस वर्षं बघतोय मी ते, आणि गिळून बसलोय. मला लाज वाटते, शकु.

येत्या रविवारी मैत्रेयी उरलेली सहा गाणी लावणार आहे आणि मला परत बोलावलं आहे. तुझ्याकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतील. गाणी तुझी आहेत. तू नको म्हणालीस तर ती वाजणार नाहीत. मी मात्र बोलणार आहे. अल्बम का चालला नाही, कुणामुळे चालला नाही, स्वतःचं नाव घेऊन सांगणार आहे. परक्यांच्या आधी तुला कळावं म्हणून हे पत्र. फोन केला असता तर "जाऊ दे रे दादा" म्हणून तू मला सोडून दिलं असतंस, आणि मी सुटलोही असतो. सुरुची याचे फोटो काढून तुला पाठवेल, म्हणजे तीही वाचेल. वाचू दे.

तुला वाटेल तितके दिवस माझ्याशी बोलू नकोस. ते मी सोसेन. पण तुझ्या आवाजात काही कमी होतं असं पुन्हा म्हणू नकोस. कधीच नव्हतं.

तुझ्या गाण्याचा सगळ्यात मोठा चाहता, आणि ते लोकांपासून लपवणारा,

तुझा दादा