एका हाताचा चाकू

बोरी, १२ ऑगस्ट २०२४

चि. दैवशालास,
अंगदमामाचे अनेक आशीर्वाद, उजव्या हाताने. डावा अजून रजेवर आहे.

फोन सोडून पत्र का, तर मी फोनवर बोलायलोय म्हटलं की पंडित समोर येऊन बसतो. पोटचा पोरगा हाय, पण नजर जेलरची. मला लकवा मारल्यापासून त्याचं एकच टुमणं, बत्तीस शेळ्या विकून टाका. दाव्यात एखादीची मान अडकली तर एका हातानं काय करणार, असं विचारतो. खोटं न्हाई. माझा घडीचा चाकू उघडायला दोन हात लागतात. सध्या दातानं उघडतो. परवा दाताचा टवका उडाला, चाकूला काही झालं न्हाई.

शेवटी ठरलं असं, की दसऱ्याला त्याच्यासमोर एका हातानं दावं कापून दाखवायचं. जमलं तर शेळ्या माझ्या, न्हाई तर बाजाराच्या. शेळ्या गेल्या की मी ओट्यावर बसून आल्यागेल्याला तब्येत सांगायची. त्यापेक्षा लकवा लय बरा होता.

तू पुण्यात कारखान्यात हत्यारांची चित्रं काढतीस. एक मामासाठी काढ.

तुझा,
मामा

पुणे, २४ ऑगस्ट

ती. मामांस,
दैवशालाचा सा. नमस्कार. दाताचं ऐकून वाईट वाटलं.

नव्या चाकूत हे बदल करते. पात्याला बारीक गुंडी, अंगठ्यानं ढकलली की पातं उघडेल. उघडल्यावर कळ बसेल, बोटांवर मिटणार नाही. बंद करायलाही अंगठाच पुरे. टोक बोथट, म्हणजे मान आणि दाव्याच्या मधे घालताना शेळी वाचेल. मूठ लाल, कारण तुम्ही वस्तू गवतात टाकता आणि मामीला विचारता. करदोड्याला बांधायला मागं भोक.

मूठ मापाची हवी. कागदावर हात ठेवून भोवती पेन्सिल फिरवा आणि पाठवा. चंदामामीला नमस्कार. गवताचं लिहिल्याचा राग आला तरी माया तेवढीच ठेवा.

आपली,
दैवशाला

बोरी, १९ सप्टेंबर

चि. दैवशालास आशीर्वाद.

चाकू पोचला. देखणा हाय. फक्त डाव्या हाताचा हाय.

मी गुंडी शोधायलो, तर ती पलीकडच्या अंगाला. तुझी मामी पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, पेन्सिल उजव्या हातात धरली तर कागदावर कोणता हात राहिला? म्हणजे मी बिनकामाचा हात गिरवून पाठवला, आणि तू शिकलेली बाई, तू त्याला चाकू केलास! कोणता हात गेलाय हे पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की.

पंडित हसला न्हाई. ते जास्त लागलं. दसऱ्याला तेवीस दिवस हायेत.

मामा

पुणे, २६ सप्टेंबर

ती. मामांस सा. नमस्कार.

चूक माझी. कारखान्यात आलेल्या कागदावर शंका घ्यायची नाही, अशी आम्हांला सवय आहे. माणूस काय म्हणतो ते कुणी वाचत नाही.

दुसरा पाठवतेय. गुंडी दोन्ही अंगांना. पहिला परत पाठवू नका. डावा हात रजेवरून आला तर लागेल.

दैवशाला

बोरी, १३ ऑक्टोबर

चि. दैवशालास,
अंगदमामाचे बत्तीस शेळ्यांसह आशीर्वाद!

परीक्षा दसऱ्याची, पण व्यापारी आदल्या दिवशीच टेम्पो घेऊन हजर. पंडितनं मला न विचारता शेळ्या चढवायला घेतल्या. चौथी शेळी उडी मारून खाली आली आणि दावं टेम्पोच्या मागच्या फाळक्यात अडकलं. लटकली की! पंडितनं तिला दोन्ही हातांनी उचलून धरली. सोडली तर फास, धरली तर गाठ सोडायला हात न्हाई. व्यापारी नुसता ओरडायला होता.

मी कमरेचा, तुझा दुसरा चाकू काढला. अंगठा, टक्, दावं तुटलं. शेळी पंडितच्या अंगावर, पंडित शेणात.

तेव्हा त्याला कळलं, शेळी धरलेल्या माणसाला चाकूसाठी फार तर एकच हात उरतो. त्याला लकवा असो नसो. तीन शेळ्या त्यानं स्वतः उतरवल्या. टेम्पो रिकामा गेला. दसऱ्याला आमी परीक्षा घेतली न्हाई, पुरणपोळी खाल्ली.

पहिला चाकू उशाला ठेवलाय. डाव्याला वाटू नये की त्याची जागा भरली.

माया आहेच, पुढच्या सुट्टीत येऊन मोजून घे. सोबत अजून एका चाकूच्या मापाचा कागद जोडलाय. हात पंडितचा हाय, उजवा. पेन्सिल मी धरली होती.

तुझा,
मामा