सहासष्टाच्या पुढचे रकाने

३ मे २००२, शुक्र.
ह्यांनी स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही केली. मला कळलं शेजारच्या जाधववहिनींकडून. त्यांचा मुलगा त्याच कंपनीत आहे. संध्याकाळी हे पेढे घेऊन आले. "तुला सांगणारच होतो." लग्न झाल्यापासून हे वाक्य ऐकते आहे. पेढा ताजा होता, खाल्ला.
सातपूरला इतकी वर्षं नोकरी आणि पेन्शन नाही. एकरकमी काय ते मिळणार, त्यावर पुढचं सगळं. माझं तर विचारूच नका. बालवाडीचं मानधन होतं ते मानच होता, धन कुठलं.

१२ मे, रवि.
कॉलेज रोडला प्रसादच्या ऑफिसात. प्रसाद म्हणजे वन्संचा मुलगा. कसल्याशा परीक्षा देऊन निवृत्तीचा सल्लागार झालाय. काचेचं दार, एसी, कॉफी. कॉम्प्युटरवर रकानेच रकाने. दूध किती, गॅस किती, औषधं किती, आहेर किती. सगळं मी सांगितलं, कारण ह्यांना एकाचाही पत्ता नाही. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पहिल्यांदाच कोणी माझं बोलणं टाईप करत होतं.
मग प्र. म्हणाला, "मामा, कितव्या वर्षापर्यंत धरू?"
"ब्याऐंशी. पत्रिकेत आहे."
"आणि मामी?"
मी तोंड उघडायच्या आत हे, "हिचं सहासष्ट घाल. ही सवाष्ण जाणार आहे."
प्र. हसला. वाटलं, थट्टा समजून सोडून देईल. त्याने ६६ टाकलं.
कागद छापून आला. माझे रकाने सहासष्टापर्यंत भरलेले, पुढे कोरे. त्या वर्षापासून घरखर्च उतरतो. प्र. ने पेनाने तिथे टिचकी मारली, "इथून पुढे मामा, तुम्ही एकदम आरामात." ह्यांनी मान डोलावली. मी समोरच बसले होते.

१३ मे
कागद फ्रिजवर लावलाय, चुंबकाने. दुधाची पिशवी ठेवायला गेले की आधी माझं मरण दिसतं, मग दूध.

१९ मे, रवि.
ह्यांचा दोष नाही म्हणावं तर तसंही नाही. पत्रिका जुळवताना पंचवटीतल्या गुरुजींनी सांगितलं होतं, मुलगी सहासष्टाव्या वर्षी सवाष्ण जाईल. सासूबाई स्वतः लवकर विधवा झालेल्या. त्यांनी एवढं एक वाक्य ऐकलं आणि होकार दिला. रंग पाहिला नाही, शिक्षण विचारलं नाही, हुंडाही मागितला नाही. तेच वाक्य माझा हुंडा. हळदीकुंकवाला बायकांना कौतुकाने सांगायच्या, "आमची सून भाग्याची." मीही खाली मान घालून लाजायचे. मूर्ख.
आज आईला भेटायला त्र्यंबकला गेले. त्र्याऐंशीची आहे. अडकित्त्याने सुपारी कातरत होती, दोरा स्वतः ओवते. आमच्या घरातल्या बायका अशा चिवट. हे कुठल्याच रकान्यात नाही.

२ जून, रवि.
प्र. घरी आला. पैसे विमा कंपनीच्या योजनेत घालायचे, दरमहा पेन्शन चालू. दोन पर्याय. एक, ह्यांच्या हयातीपर्यंतच, रक्कम जास्त. दुसरा, ह्यांच्यामागे बायकोला चालू, रक्कम कमी. "तुमच्या केसमध्ये मामा, पहिलाच." हे, "अर्थात." मी पोहे केले होते. प्र. ने दोनदा घेतले.
राहिलेल्या पैशांचं काय, तर माधवीच्या फ्लॅटला द्यायचे. लेक आहे, नाही कशी म्हणू. पण मग माझ्यासाठी उरतं काय? विचारलं नाही.

२४ जून, सोम.
वटपौर्णिमा. गंगापूर रोडच्या वडाला ही गर्दी. दोरा गुंडाळताना मनात आलं, मी नक्की काय मागते आहे? माझ्या आधी हे जाऊ नयेत, म्हणजे मी आधी जावं. गुरुजींनी डोक्यावर अक्षता टाकल्या, "अखंड सौभाग्यवती भव." प्र. च्या कॉम्प्युटरचंही तेच म्हणणं. एकजण दक्षिणा घेतो, एकजण फी.
परत आले तर जाधववहिनी पायरीवर. त्यांना आता वडाकडे कोणी बोलवत नाही. मूळच्या सायखेड्याच्या, बोलणं अजून तिकडचंच. मी पेन्शनचं सहज बोलून गेले, तर निवडायचा तांदूळ बाजूला ठेवला त्यांनी.
"आमच्या ह्यांनीबी तेच केलं, बाई. म्हनले, तुझ्याआधी मी कुठं मरतोय. लय हसलो आम्ही दोघं."
मग, "आता दळणाला पैसे मागितले तरी सून आधी नवऱ्याकडं बघती. वाईट नाय ती. पन बघती. तुम्ही बोला, बाई. मी लाजले."

३० जून, रवि.
बोलले. म्हणजे बोलायला सुरुवात केली. "अहो, तो दुसरा पर्याय घेऊ या का? म्हणजे तुमच्यानंतर..." पुढे वाक्यच सुचेना. आमच्या घरात 'तुमच्यानंतर'च्या पुढचा शब्द कोणी कधी उच्चारलेला नाही.
"माझ्यानंतर काय?"
"मला मिळत राहील."
"म्हणजे मी मेल्यावर."
पेपरची घडी केली, चष्मा काढला. "वटपौर्णिमेला आठवडा झाला नाही अजून." आणि मग, "दर महिन्याला कमी घ्यायचं, ते कशासाठी? जे होणारच नाही त्याच्यासाठी?"
संध्याकाळी वन्संचा फोन. बातमी पोचली. "अगं, असं तोंडाने बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणत असते." बरोबर. पण बारा मेला तिच्या लेकाने माझं सहासष्ट टाईप केलं तेव्हा वास्तू काय बहिरी होती?

१० जुलै, बुध.
अर्ज भरला. पर्याय पहिला. माझी सही कुठेच लागत नाही. बघत होते, एखादी फुली तरी असेल माझ्यासाठी. नाही.
हे फिरायला गेल्यावर प्र. ला फोन केला. आधी टाळाटाळ. मग म्हणाला, "बदलता येतं, मामी. कंपनीचा चेक सव्वीसच्या आत मिळेल, कागद सव्वीसला पुढे जातील. एकदा गेले की कायमचं. पण सही मामांचीच लागेल." कोरा अर्ज पाठव म्हटलं. "पाठवतो. फक्त मी पाठवला असं सांगू नका." सल्लागार.

१२ जुलै
अर्ज आला. पर्समध्ये ठेवला. दुसऱ्या पर्यायावर खूण मीच केली, पेन्सिलीने. पेनाने करायचा धीर नाही झाला.

१६ जुलै, मंगळ.
सकाळी हे आंघोळीहून आले आणि कॉटवर बसूनच राहिले. घाम. डावा हात. जाधववहिनींच्या मुलाने रिक्षा आणली. आयसीयू. ॲटॅकच. जास्त लिहवत नाही. देवा, ह्यांना

१७ जुलै, बुध.
पाच मिनिटं आत सोडलं. नळ्या, मशीन. चेहरा लहान झालाय. माझा हात धरला. म्हणाले, "तुझी तब्येत बरी आहे ना?" म्हटलं, हो. तर कसे निवांत झाले. "तू आहेस तोवर मला भीती नाही."
नर्सने ऐकलं. बाहेर येऊन मला म्हणते, "आजी, नशीबवान आहात. किती जीव आहे आजोबांचा तुमच्यावर."
मला अर्थ कळला. पत्रिकेप्रमाणे आधी मी. म्हणजे मी धडधाकट उभी आहे तोवर ह्यांना काही होणार नाही. आजवर ह्यांनी माझ्याशी बोललेलं सगळ्यात प्रेमळ वाक्य, आणि ते असं.
तरी हात सोडवला नाही मी. त्यांनी फार घट्ट धरला होता.

२१ जुलै, रवि.
धोका टळला म्हणतात. माधवी आली पुण्याहून. कँटीनमध्ये तिला अर्जाचं सांगितलं. डोळेच मोठे केले तिने. "आई, बाबा आयसीयूतून कालच बाहेर आलेत. आत्ता हे?" मग मऊ होऊन, "तू माझ्याकडे येशीलच ना. आत्यांच्या खोलीत दुसरी कॉट बसते." आत्या म्हणजे तिच्या सासूबाई. त्यांच्या कॉटशेजारी माझी कॉट, त्यांच्या टीव्हीवर त्यांच्या मालिका. आणि दळणाला पैसे मागितले की लेक जावयाकडे बघणार. वाईट नाही ती. पण बघणार.
पर्समध्ये तो अर्ज. औषधाच्या चिठ्ठ्या काढताना दर वेळी हाताला लागतो. नवरा आत पडलाय आणि ही कागद घेऊन फिरते. माझी मलाच किळस आली. तरी काढून ठेवला नाही.

२३ जुलै, मंगळ.
घरी आणलं. मीठ बंद, जिना बंद, चिडचिड चालू. म्हणजे बरे आहेत. भेटायला येणारे सगळे मलाच म्हणतात, तुमच्या कुंकवाच्या जोरावर वाचले. डॉक्टरांच्या बिलात कुंकवाचा उल्लेख नाही.
मी खरंच देवापाशी रडले होते. ह्यांच्यासाठीच रडले. ते कोणाला दाखवता येत नाही, आणि अर्ज दाखवला की तेवढाच दिसणार.

२५ जुलै, गुरु.
प्र. चा फोन, हळू आवाजात. "उद्या अकराला आमचा माणूस चेक आणि कागद न्यायला येईल. तुमचं ते... असलं तर त्याच्याकडेच द्या, मी बदलून घेतो." मग म्हणाला, "मामी, मी परत आकडे टाकून बघितले. तुमचे ब्याऐंशी धरून." मी विचारलं नाही, काय निघालं.
दुपारी फ्रिजवरचा कागद काढला. चुंबक तसाच राहिलाय.

२६ जुलै, शुक्र.
सकाळी ह्यांचा ट्रे नेला. गोळ्या, बिनमिठाचा उपमा, पेपर. पेपराखाली अर्ज आणि पेन. पेन्सिलीची खूण रात्री पेनाने गिरवून ठेवली होती.
म्हटलं, "पेपराखाली एक अर्ज आहे. वाचा."
त्यांना कळलं. चेहऱ्यावरून कळलं. "तुला काय वाटतं, मी..."
मी मध्येच बोलले. त्यांचं बोलणं मी कधी तोडत नाही. "मला तुम्ही हवे आहात. ब्याऐंशी काय, शंभर वर्षं हवे आहात. पण सदुसष्टाव्या वर्षी मी असलेच, तर मला जेवायलाही लागेल."
ते भिंतीकडे बघत राहिले. तिथे सासूबाईंचा फोटो आहे, कोऱ्या कपाळाचा. मी स्वयंपाकघरात आले. भाजी निवडायला घेतली, मेथी. त्यांना हाक मारायची नाही असं ठरवलंय. आत जाऊन उभं राहायचं नाही, रडायचं नाही, पाय धरायचे नाहीत.
दहा वाजून गेले असतील तेव्हा आतून आवाज आला, "चष्मा कुठाय माझा?"
टीव्हीवर राहिला होता. पदराने पुसून हातात दिला. मांडीवर पेपर उघडलेला होता की अर्ज, ते पाहिलं नाही. दार ओढून घेतलं.
मेथी निवडून झाली. फाटकाची कडी वाजली. प्र. चा माणूस आला वाटतं.