झेपेल एवढं वजन

रविवार, १४ तारीख

प्रिय माऊ,

अनेक आशीर्वाद. तुम्ही दोघं मजेत असालच. इकडे मी ठणठणीत आहे, आणि हे नुसतं लिहायची पद्धत म्हणून लिहीत नाही.

सकाळी कुठे असतेस म्हणून तू फोनवर विचारलंस, तेव्हा मी बाजारात म्हणून ठोकून दिलं. खरं तर मी व्यायामशाळेत जाते. हसू नकोस. आमचा म्हाताऱ्यांचा वेगळा वर्ग आहे. एक शिंपी, एक निवृत्त हेडमास्तर आणि दोन विहिणी, ज्या एकमेकींशी बोलत नाहीत पण उभ्या मात्र शेजारीशेजारीच राहतात. शिकवणारी मुलगी तुझ्याहून लहान आहे, पण तिच्यापुढे हेडमास्तरांचीही बोलती बंद असते. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, आणि ते जमलं की हातात वजन घेऊन उठायचं. सुरुवातीला अंग इतकं दुखायचं की केस विंचरणंही नको व्हायचं. आता भरलेली बादली एका हाताने नेते. रात्री झोप लागते. या वयात अंगाने आपलं ऐकलं की फार बरं वाटतं गं.

गुडघ्यांसाठी जाते, असं मी सगळ्यांना सांगते. तुलाही तेच लिहिणार होते.

घरात सगळं जागच्या जागी आहे. पंखा आता माझ्या मनासारखा फिरतो, त्यावरून भांडायला कोणी नाही. मी स्वयंपाकघरात असताना बाबा बाहेरून पेपर मोठ्याने वाचायचे आणि मी चिडायचे, आठवतं? आता पेपर घडी न मोडता रद्दीत जातो. रोज संध्याकाळी पुनर्वसन केंद्रात जाऊन त्यांच्याजवळ बसते. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली की पाहुण्यासारखं उठून यावं लागतं. आपल्याच नवऱ्याची पाहुणी झाले आहे मी.

बाबांचा डावा पाय लुळा पडल्यावर मी त्यांना एकटीने उचलायला गेले आणि आम्ही दोघंही न्हाणीघरात पडलो. मग तू धावत आलीस आणि त्यांना तिथे ठेवलंस. तुझं चुकलं नाही. तेव्हा मला स्वतःला धड उठता येत नव्हतं. पण तिथला एक नियम मी तुझ्यापासून लपवला. घरच्या माणसाने रुग्णाला एकट्याने पलंगावरून खुर्चीत बसवून दाखवलं, तर ते त्याला घरी सोडतात. माझा व्यायाम त्यासाठी चालला आहे, माऊ. बाबांना मी हे सांगितलं होतं. वाटलं, त्यांना हुरूप येईल.

बुधवारी चाचणी होती. त्यांच्या कमरेला पट्टा बांधला, त्यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांत धरले आणि शिकवल्याप्रमाणे ओढलं. ते अलगद वर आले. क्षणभर मला माझाच अभिमान वाटला. तेवढ्यात त्यांचा चांगला पायही लटपटला. पडू दिलं नाही मी त्यांना, नीट परत पलंगावर बसवलं. पण नापास झालो.

फिजिओबाईंनी त्यांचं वजन केलं, तर ते बरंच घटलं होतं. मग आयाबाईंनी सांगितलं, की आजोबा कित्येक दिवस आपलं अर्धंअधिक ताट शेजारच्या पलंगावर सरकवतात. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "तुला झेपावं म्हणून."

मला इतका राग आला, आणि इतकं रडू आलं, की काय आधी करावं कळेना. फिजिओबाईंनी आम्हा दोघांनाही झापलं. माणसाला पोत्यासारखं उचलायचं नसतं, म्हणाल्या, त्याने पाय रोवायचा आणि तुम्ही फक्त साथ द्यायची. पायात ताकदच उरली नाही तर तो रोवणार काय? एवढी साधी गोष्ट आम्हा दोन शहाण्यांच्या डोक्यात आली नव्हती.

त्या गेल्यावर मी ताट पुढे ओढलं आणि म्हटलं, "तुम्ही जड व्हा. मला झेपतंय."

त्यांनी सगळं खाल्लं. आता पलंगाचा कठडा धरून उभं राहायचा त्यांचाही व्यायाम सुरू झाला आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा चाचणी आहे.

फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच "आई, अगं" म्हणून थांबवलं असतंस, म्हणून हे पत्र. तुझी काळजी मला कळते. कदाचित परत नापास होऊ, मग परत देऊ. पण तुला विचारत नाहीये, कळवते आहे. मला तो माणूस घरी हवा आहे. बरा होऊन नको, आहे तसा हवा आहे.

तुझी आई,
आणि तुझ्याही आधीपासून त्यांची बायको