दाराखालची भोकं

१२ नोव्हें., बुध. मस्तगड.
स. आठपासून लाल गाडीच्या मागं. दोन सीटची, छप्पर मागं पडणारी. शेठच्या जिनिंगमध्ये सडून राह्यल्ती, पंधरा वर्षांखाली मागून आणल्ती. दिवाळीच्या आवराआवरीत सौ. म्हणाली, "एक तर चालू करा, न्हाई तर भंगारात घाला. अंगणात झाडू मारायला जागा न्हाई." मंग गंज काढायलाच घेतला. दाराखालच्या पट्टीचा रंग फुगलाय. स्क्रू-ड्रायव्हर टोचला की आरपार.

दु. पोतं अंथरून खाली शिरलो. गुडघ्यांनी बोंब मारली. एवढ्या वर्षांत गाडी खालून आजच पाह्यली. गाडी आणली तेव्हा रहीम मिस्त्रीनं लावलेला पत्रा जागेवर आहे. पितळ वितळवून मारलेला टाका एका रेघेत, कुठं तुटलेला न्हाई. टाक्याच्या आजूबाजूला गंजाचा डागसुद्धा न्हाई. कुजलंय ते पट्टीच्या आतून, तळाला.

बाहेर आलो. सौ. नं विचारलं काय झालं. काही न्हाई म्हणालो.

१३ नोव्हें.
कारण सापडलं. लिहावंसं वाटत न्हाई, पण लिहितो.

पट्टी पोकळ असते. आत गेलेलं पाणी निघायला तळाशी भोकं ठेवलेली असतात, दोन्ही बाजूंना चार-चार. आठच्या आठ बुजवलेली. मीच बुजवली. शेजारी भुसार दुकान, त्यांचे उंदीर सीट कुरतडायचे. दोन पट्ट्यांचं ते सील येतं ना मळून लावायचं, ते आणलं अन् बसल्या बसल्या हात खाली घालून अंगठ्यानं दाबलं. काय हुशारी वाटली होती तेव्हा! दोन पावसाळे पाणी आतच राह्यलं. पत्रा कुजणार न्हाई तर काय होणार?

तीस वर्षं आयटीआयला पत्राकाम शिकवलं. पोकळ जागेला पाण्याची वाट ठेवा, हे पहिल्या आठवड्यात सांगायचो. वा रे सर.

१४ नोव्हें.
बारा वर्षांखाली मिस्त्रीला बोललो, त्या दिवशीचं आठवून राह्यलं. रहीम मिस्त्रीचं दुकान तेव्हा कोपऱ्यावर होतं. पट्टीला फोड आले म्हणून गाडी थेट त्याच्या दारात नेली. चहाच्या टपरीवर पंधरा-वीस माणसं. माझा विद्यार्थी सुनील पण होता, त्याचं समोरच गॅरेज. स्क्रू-ड्रायव्हर घातला, लांबीचा, म्हणजे रंगाखालच्या पुट्टीचा, ढलपा निघाला. तो हातात धरून सगळ्यांना दाखवला. "बघा, पत्र्याच्या नावाखाली लांबी भरली यानं!" लांबीचा पातळ हात सगळेच देतात रंगाआधी. मी स्वतः द्यायला शिकवलाय. ते मला माहीत नव्हतं असं न्हाई. पण आवाज चढला होता अन् माणसं ऐकून राह्यल्ती.

मिस्त्री एवढंच म्हणाला, "सर, एक बार नीचेसे देखो." मी पांढऱ्या कपड्यात होतो. रस्त्यावर आडवा होऊ का, म्हणालो. लोक हसले. मला ते हसणं आवडलं होतं.

नंतर पोरांनाही सांगत सुटलो. सुनीलनं त्याला काम देणं बंद केलं, बाकीच्यांनी पण. वर्षभरात दुकान उठलं.

१६ नोव्हें., रवि.
सौ. ला सांगितलं. ती भाजी निवडून राह्यल्ती. हात थांबला तिचा. "म्हणजे त्या माणसाचा काहीच दोष नव्हता?"
न्हाई.
"मंग जा की. इथं काय करून राह्यले?"
म्हणालो, राजूरला असतो म्हणे आता. धान्याच्या कोठ्या बनवतो.
"राजूर काय लंडनला आहे का?"

१८ नोव्हें., मंगळ.
राजूरला जाऊन आलो. आधी गणपतीचं दर्शन घेतलं, मंगळवारची गर्दी, दीड तास रांग. खरं सांगायचं तर रांग लवकर सरू नये असंच वाटत होतं.

मिस्त्री बसस्टँडच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये. दाढी पांढरी झाली. धान्याच्या कोठीला झाकण बसवून राह्यल्ता. मला पाहून उठलाच. "अरे सर! आओ आओ." स्टूल पुसून दिलं. तोंडापर्यंत आल्तं. निघालं भलतंच. म्हणालो, रहीमभाई, थोडं काम आहे.
"कौनसी गाडी? वही लाल?"
वही.
"अभी हैच क्या वो!" हसला. खुश झाला. परवा येतो म्हणाला.

सौ. नं दारातच विचारलं, सांगितलं का? म्हणालो, येणार आहे तो. "गणपतीला सांगितलं असंल सगळं," म्हणाली, अन् आत गेली.

२० नोव्हें.
मिस्त्री सकाळच्या बसनं आला. पिशवीत जुनाच हातोडा. पोतं बाजूला सारलं, तसाच जमिनीवर आडवा होऊन गाडीखाली गेला. मंग खालूनच आवाज, "सर, टाका अपना बराबर है! बिलकुल नया!" लहान मुलासारखा आवाज. माझी मान खाली.

नंतर उकिडवा बसून विचार करत राह्यला. "फिर पानी निकला कायकू नहीं?"
काय माहीत, म्हणालो.

अरे, किती सहज निघालं तोंडातून! सौ. चहा घेऊन दारात उभी होती. तिनं त्याच्यापुढं कप ठेवला, माझा तसाच परत नेला.

डावी पट्टी कापून झाली. नवा पत्रा उद्या.

२१ नोव्हें.
हे लिहिणं अवघड आहे.

दु. त्यानं कापलेली पट्टी उलटी केली. तळाचं सील स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटलं. एक गोळा तळहातावर घेऊन उन्हात धरला. अंगठ्याचा ठसा स्पष्ट. वाटलं, आता विचारील.

तो म्हणाला, "सर, माफ करो. ये मेराच काम होगा."
गोळा त्यानं माझ्या हातात दिला.
"लांबी लगाते वक्त छेद से टपकती थी. मैंनेच बंद किया होगा, खोलना भूल गया. बारा साल सोचा, कहाँ चूक हुई अपनी. घरवाली बोलती थी तुम्हारी गलती नहीं. मगर आप जैसा आदमी झूठ कायकू बोलेगा?" अन् कानाला हात लावले त्यानं. माझ्यापुढं.

मी काय केलं? "जाऊ द्या रहीमभाई, झालं गेलं" म्हणालो. माफ केलं मी त्याला! हेच शब्द. असला माणूस मी.

नवा पत्रा छान बसला. भोकं त्यानं दोन-दोनदा मोजून पाडली.

२२ नोव्हें.
आज तो नव्हता, कोठीची ऑर्डर द्यायची होती. दिवसभर रेड ऑक्साइड प्रायमरचा डबा ढवळत बसलो, लावलं काहीच न्हाई. सौ. ला कालचं सांगितलं. रडली ती. मंग म्हणाली, "अहो, घरात सांगून भागायचं न्हाई. चौघांत बोलल्ते ना? चौघांतच सांगा."
कोणापुढं?
"ज्यांना हसवलं त्यांच्यापुढं."

२३ नोव्हें., रवि.
स. दहाला मिस्त्री आला. म्हणालो, काम नंतर, आधी चहा घेऊ टपरीवर. तो नको नको म्हणत होता, त्या कोपऱ्यावर त्याला यायचं नव्हतं. हाताला धरून नेलं. सुनीलला गॅरेजातून बोलावलं. पाच-सहा जण होते, निम्मे नवीन. त्यांना काय देणं-घेणं! खिशातून सीलचा गोळा काढला अन् सांगितलं. भोकं मी बुजवली. ठसा माझा आहे. मिस्त्रीचा टाका आजही शाबूत आहे. मी सगळ्यांपुढं खोटं बोललो. सुनील म्हणाला, "सर, जाऊ द्या ना आता." त्याला म्हणालो, जाऊ द्या नको म्हणू, तू काम बंद केलंस ते माझ्या शब्दावर. तो खाली बघायला लागला.

मिस्त्री ऐकून राह्यल्ता. चहा तसाच. मला वाटत होतं रडेल, न्हाई तर शिवी घालील. घातली असती तर बरं झालं असतं.

त्यानं शांतपणे विचारलं, "सर, नीचेसे देखा कब आपने?"
बारा तारखेला, म्हणालो.
"मतलब राजूर आए तब मालूम था."
हो.
"परसों मैं कान पकड़ा, तब भी मालूम था."
हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

तो उठला. बारा वर्षांखालचं त्यानं विचारलंच न्हाई, हे अकरा दिवसांचं विचारलं. घरी येऊन हातोडा पिशवीत टाकला. सौ. जेवून जा म्हणाली, तिला मात्र "भाभी, फिर कभी" म्हणाला. माझ्याकडं बघितलं न्हाई.

उजवी पट्टी राह्यली आहे. सौ. म्हणते, तुम्हाला येतं ना पत्राकाम, तुम्हीच करा. येतं. पण अजून हात लावला न्हाई. राजूरची पहिली बस साडेसहाला आहे, बसस्टँडवर विचारून आलो.