पुलाचे फाटक उघडून दिपमालाला माहेरी येऊ देण्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
प्रायोगिक पूल कक्ष, जळगाव.

अर्जदार : तोताराम झुलाल पाटील, रा. भालखेडे, ता. एरंडोल, जि. जळगाव.

विषय : नाल्यावरील काळ्या पुलाचा भोंगा शांत करून फाटक उघडणे व माझ्या मुलीस बाळंतपणासाठी माहेरी येऊ देणे.

संदर्भ : फाटकावर चिकटवलेली आपली नोटीस (जावक क्रमांक शेळीने खाल्ल्यामुळे देता येत नाही).

महोदय,

१. विनंतीपूर्वक अर्ज करतो की, माझी मुलगी सौ. दिपमाला नाल्यापलीकडे वरखेड्याला दिलेली असून तिला आठवा महिना चालू आहे. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत आपणास ठाऊकच आहे. ती यायला निघाली त्याच दिवशी आपल्या पुलाने भोंगा वाजवला आणि दोन्हीकडची फाटके पडली, ती आजपर्यंत उघडलेली नाहीत. नाल्याचे काठ दोन पुरुष उंच आहेत, अवघडलेल्या बाईने उतरावेत असे नाहीत. एरंडोलवरून डांबरी रस्ता आहे. परंतु आमच्या विहीणबाई बेबाबाई यांनी "बाळंतपणले निंघेल पोर वळसा घालीसन जात नही," असा निकाल दिला आहे. या निकालावर अपील कोठे करतात हे त्यांच्या मुलालाही, म्हणजे आमच्या जावयांनाही, माहीत नाही.

२. सदर पूल लोखंडाचा नसून कार्बनच्या धाग्यांवर राळ ओतून केलेल्या काळ्या फळ्यांचा आहे आणि त्या फळ्या बोल्टांनी जोडलेल्या आहेत. उद्घाटनाच्या वेळी आपल्या कार्यालयातील ऋतिका मॅडम यांनी समजावून सांगितले की, प्रत्येक बोल्टाशेजारी केसासारख्या तारा बसवून फळीतून चिमूटभर वीज फिरवली आहे. फळीच्या आतला धागा तुटला किंवा बोल्ट सैल झाला की विजेची वाट अडते, यंत्राला ते कळते आणि ते ओरडते. भाषण उत्तम होते. मात्र मागच्या बाजूला जिलेबीवाटप सुरू झाल्याने "बोल्टांना कोणीही हात लावू नये" हा शेवटचा भाग आम्हा जाणकार मंडळींपर्यंत पोहोचला नाही. याची जबाबदारी जिलेबी वाटणाऱ्यांवर निश्चित करावी.

३. भोंगा पहिल्यांदा वाजला तेव्हा मी शेतातून येत होतो. आमच्याकडे ज्याच्या दारात ट्रॅक्टर त्याच्याकडे पाना असतोच, आणि खडखडणारी वस्तू आवळावी हे कोणाला शिकवावे लागत नाही. पुलाचा एक बोल्ट खडखडत होता, तो मी पाव फेरा आवळला. भोंगा बंद! साहेब, त्या क्षणी झाला तेवढा आनंद मला मुलीच्या लग्नातही झाला नव्हता (तेव्हा ऐन पंगतीत वरण संपले होते). तिथल्या तिथे पूल दक्षता समिती स्थापन झाली. अध्यक्ष मी व सचिव माझे शेजारी निंबा.

४. काही दिवसांनी यंत्र पुन्हा ओरडले. समितीने पुन्हा आवळले. ते जास्त ओरडले, म्हणून आम्ही जास्त आवळले. शेवटी पान्याला निंबा यांचा पाइप जोडून आम्ही चौघे त्यावर लोंबकळलो, तेव्हा आतून "कट्" असा खणखणीत आवाज आला. बोल्ट जागेवर बसला की असाच आवाज येतो, असे निंबा यांनी सांगितले व उपस्थितांनी टाळ्या वाजवल्या. माझी पत्नी सौ. कुंदाबाई तेवढी म्हणाली, "ते वरडी राह्यनं म्हंजे त्याले दुखी राह्यनं." समितीने हे मत नोंदवून घेतले. विचारात घेतले नाही. त्यानंतर प्रत्येक बोल्टातून "कट्" येईपर्यंत काम करण्यात आले, आणि फाटके पडली.

५. दरम्यान दिपमालाचे डोहाळजेवण दोन काठांवर झाले. इकडे आमच्या बायका, तिकडे त्यांच्या, मध्ये नाला, आणि गाणी भोंग्याच्या तालावर. वरणबट्टी दोरीवरून सुखरूप पलीकडे गेली. भरिताचा डबा मात्र मध्येच अडकला, तो अजून तिथेच लटकतो आहे. कावळ्यांचे डोहाळे पुरवले जात आहेत. माझ्या लेकीला ते भरीत मिळाले नाही, हे मला घास घेताना रोज आठवते.

६. तीन दिवसांपूर्वी ऋतिका मॅडम स्वतः आल्या. त्यांनी एक बोल्ट काढून दाखवला. भोकाभोवतीची फळी आतून पापडासारखी चुरली होती, वरून मात्र चकचकीत. मॅडम म्हणाल्या, "आबा, पहिल्या वेळी बोल्ट खरंच सैल होता, त्याबद्दल आभार. पुढचे सगळे भोंगे तुमचे." लोखंड दाब सोसते, ही फळी आतल्या आत मोडते आणि डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर तारा लावल्या होत्या. चूक कोणाची हे ठरवणे हा या अर्जाचा विषय नाही. पण लेकीची वाट मी माझ्याच हाताने मोडली, याचे मला फार वाईट वाटते.

७. मॅडमच्या सांगण्यानुसार नवीन फळ्या येण्यास वेळ लागेल, आणि बाळ तितके थांबणार नाही. मात्र बोल्टांना कोणीही हात लावला नाही व यंत्राचे आकडे सलग आठ दिवस स्थिर राहिले, तर मॅडम यंत्रासमोर उभ्या राहून एका माणसाला एकदा चालत येऊ देतील. त्या एका माणसात बाळ धरले आहे, याची मी खात्री करून घेतली आहे. दिपमालाचाही फोन आला, "आबा, तो पूल शे, तुमना ट्रॅक्टर नही. आठ दिन गुमान बसा."

८. समिती मी बरखास्त केली आहे. सचिवांचा पाइप जप्त केला आहे. परंतु अध्यक्षांना आवरणारे कोणी नाही. काल रस्त्याने कोणाची तरी फटफटी खडखडत गेली, आणि मी भानावर आलो तेव्हा पुलावर होतो, अनवाणी, हातात पाना. पाना बोल्टाला लागण्याआधीच कुंदाबाईने दंडाला धरून घरी आणले. आठ दिवसांतले पाच उरले आहेत आणि माझा माझ्यावर काडीचा भरवसा नाही.

तरी मायबाप साहेबांनी माझा पाना आपल्या कार्यालयात कुलपात ठेवून त्याची पोच द्यावी व दिपमाला घरी पोहोचेपर्यंत तो मला देऊ नये. मधल्या काळात पाना परत मिळावा म्हणून मी स्वतः अर्ज घेऊन आलो, कितीही कळवळून बोललो, रडलो, तरी तो अर्ज नामंजूर करावा, ही हात जोडून विनंती.

आपला नम्र आणि यापुढे रिकाम्या हाताचा,
(सही)
तोताराम झुलाल पाटील

भालखेडे, दि. ११ डिसेंबर २०२५

सोबत :
१) पाना, एक.
२) पाइप, एक (निंबा यांचा. तेही मागायला येतील. त्यांनाही देऊ नये).